फसलेल्या अग्निबाणाची साक्ष

फसलेल्या प्रयोगापासून धडा घ्यावा, हा उपदेश प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानांवरून गेलेला असतो. परंतु तो धडा घ्यावयाचा कसा, हें क्वचितच कोणी सांगतो. प्रयोगशाळेंत काचनळी तडकली म्हणजे आपण ती केराच्या टोपलींत टाकतों, दुसरी घेतों आणि तोच प्रयोग पुन्हा करूं लागतों. पहिली कां तडकली याचा विचार झालेला नसतो. म्हणून दुसरीही पुष्कळदां त्याच ठिकाणीं तडकते. प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या क्षेत्रांतील हकीकत सांगणार आहों, तेथें काचनळीच्या जागीं कित्येक महिन्यांच्या श्रमानें उभारलेला अग्निबाण असतो, आणि तो कांहीं सेकंदांत नाहींसा होतो. परदेशांतील विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलामुलींनीं स्वतः बांधलेले अग्निबाण फसले, तेव्हां पुढील बाणाची तयारी त्यांना कशी करावी लागली, हा आमचा विषय आहे.

प्रथम हा अग्निबाण कोणत्या जातीचा तें पाहूं. नावाडी खाडींतून जातांना दोरीला जड गोळा बांधून पाण्याचा ठाव घेतो. त्याचप्रमाणें वातावरणाच्या वरच्या थरांचा ठाव घेण्यासाठीं जो अग्निबाण सोडतात, त्याला इंग्रजींत ठाव घेण्याच्या अर्थाच्या शब्दावरून 'साउंडिंग रॉकेट' म्हणतात. तो पृथ्वीभोंवतीं फिरत राहत नाहीं. तो सरळ वर जातो, वाटेंत दाब, तपमान, किरण इत्यादिकांचीं मापें घेतो, आणि कांहीं मिनिटांत खालीं येतो. फुगे जेथवर पोंचतात त्याच्या वरचा, आणि कृत्रिम उपग्रह जेथें टिकूं शकतात त्याच्या खालचा जो प्रदेश, तेथें हेंच साधन उपयोगी पडतें. आपल्या देशांत केरळांतील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं असा पहिला बाण उडाला. तो अमेरिकन बनावटीचा होता. पुढें १९६७ सालीं रोहिणी मालिकेंतील पहिला देशी बाण तेथूनच सुटला. त्याचा व्यास अवघा ७५ मिलिमीटर होता. आज चंद्रापर्यंत पोंचलेल्या आपल्या अवकाश-संशोधनाचा आरंभ अशा हातभर जाडीच्याही नसलेल्या बाणांपासून झाला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

अवकाशाची सीमा कोठें मानावी याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. तथापि समुद्रसपाटीपासून १०० किलोमीटर ही रेषा बहुधा धरली जाते, व थिओडोर फॉन कार्मान या शास्त्रज्ञाच्या नांवावरून तिला कार्मान रेषा म्हणतात. केवळ विद्यार्थ्यांनीं बांधलेला अग्निबाण ही रेषा प्रथम कोण ओलांडवील, अशी चुरस या शतकाच्या दुसऱ्या दशकांत अमेरिकेंतील व यूरोपांतील विद्यापीठांत लागली होती. त्यांपैकीं दोन मंडळांची हकीकत आम्ही येथें घेतों. एक, लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांतील विद्यार्थ्यांची २००५ सालीं स्थापन झालेली रॉकेट प्रोपल्शन लॅबोरेटरी. दुसरें, हॉलंडमधील डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचें 'डेल्फ्ट एरोस्पेस रॉकेट इंजिनिअरिंग' हें मंडळ.

शंभर किलोमीटर हा आंकडा मोटारीच्या प्रवासास लहान वाटतो. अग्निबाणास तो किती अवघड आहे हें शाळेंतील गणितानेंच कळण्यासारखें आहे. इंजिन विझतें त्या क्षणीं बाणाचा वेग दर सेकंदास १,५०० मीटर आहे असें धरा, आणि हवेचा अडथळा क्षणभर सोडून द्या. वेगाचा वर्ग २२,५०,००० होतो. त्यास गुरुत्वत्वरणाच्या दुपटीनें, म्हणजे १९.६ नें भागिलें असतां सुमारें १,१४,८०० मीटर, म्हणजे जवळ जवळ ११५ किलोमीटर उंची येते. आतां हाच वेग एका टक्क्यानें कमी करून पाहा. उंची सव्वादोन किलोमीटरांनीं घटते. वेग दहा टक्क्यांनीं कमी करा, म्हणजे उंची ९३ किलोमीटरच उरते आणि रेषा हुकते. उंची वेगाच्या वर्गाप्रमाणें बदलत असल्यामुळें लहानशी उणीव मोठी होऊन दिसते. त्यांतच हवेचा अडथळा प्रत्यक्षांत असतोच. म्हणून बाण होईल तितका हलका करणें भाग पडतें. आणि हलकें केलेलें नळकांडें आंतील दाबाला व उष्णतेला जेमतेम पुरें पडतें. बळकटी वाढवावी तर उंची जाते, उंची वाढवावी तर बळकटी जाते. या अडचणींत रचनाकार सदैव सांपडलेला असतो.

लॉस एंजेलिसच्या विद्यार्थ्यांनीं घन इंधनाचा बाण पसंत केला. अशा बाणांत ज्वलनास लागणारा पदार्थ व इंधन हीं दोन्हीं एकत्र कालवून, रबरासारख्या पदार्थांत घट्ट करून नळकांडींत भरलेलीं असतात. मध्यें आरपार पोकळी ठेवलेली असते. पेटविल्यावर या पोकळीच्या भिंती जळतात, आणि तयार झालेला वायु मागील तोटींतून वेगानें बाहेर पडून बाणास पुढें ढकलतो. यांत झडपा नाहींत, पंप नाहींत. रचना सोपी दिसते. परंतु एकदां पेटल्यावर तें इंजिन थांबवितां येत नाहीं. इंधनाला एखादी चीर पडली असेल, तर ज्वाळा त्या चिरेंत शिरते. जळणारा पृष्ठभाग वाढतो, वायु अधिक होतो, दाब चढतो, आणि दाब चढला म्हणजे इंधन आणखी जलद जळूं लागतें. नळकांडें फुटावयास मग एक सेकंदही लागत नाहीं.

या मंडळाचा 'ट्रॅव्हलर' नांवाचा अवकाशगामी बाण २०१३ सालीं प्रथम सुटला, व त्याचा दुसरा अवतार २०१४ सालीं. दोन्ही बाण सुटल्यावर थोड्याच सेकंदांत निकामी झाले. अशा वेळीं तिसरा तसाच बाण अधिक उमेदीनें बांधावा, असा मोह कोणालाही होईल. त्या विद्यार्थ्यांनीं वाट बदलली. त्यांनीं कांहीं काळ अवकाशाचें नांव बाजूस ठेविलें आणि लहान बाणावर काम केलें. 'फॅदम २' नांवाचा हा बाण ४ मार्च १९१७ नव्हे, तर शंभर वर्षांनंतर, ४ मार्च २०१७ रोजीं, न्यू मेक्सिको राज्यांतून सोडण्यांत आला, आणि तो १,४४,००० फूट, म्हणजे सुमारें ४४ किलोमीटर उंच गेला. लहान बाणाचा लाभ असा कीं, त्यांत नळकांडें, आंतील उष्णतारोधक अस्तर, तोटी, पंख, हवाई छत्री आणि नोंदयंत्रें या सर्वांची परीक्षा होते, पण फसला तर नुकसान थोडें होतें. आमच्याकडील जुने गवंडी मोठी कमान बांधण्यापूर्वीं लहान कमान बांधून पाहत. त्यांतलेंच हें शहाणपण आहे.

आतां डेल्फ्टकडे वळूं. तेथील विद्यार्थ्यांनीं 'स्ट्रॅटोस ३' नांवाचा आठ मीटरांहून लांब बाण बांधला. त्याचें इंजिन मिश्र जातीचें होतें: इंधन घन, आणि तें जाळण्यासाठीं द्रवरूप नायट्रस ऑक्साइड. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत हास्यवायु म्हणून ज्याची ओळख होते तोच हा पदार्थ. तापवला असतां तो प्राणवायु मोकळा करतो, म्हणून बाणांत त्याचा उपयोग होतो. २६ जुलै २०१८ रोजीं स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील एल अरेनोसिलो येथून स्ट्रॅटोस ३ सुटला. सुमारें वीस सेकंद तो चढत गेला, आणि मग हवेंतच त्याचे तुकडे झाले.

बाण मोडला, त्या अर्थीं तो कमकुवत होता. पुढचा अधिक जाड बांधावा, असें कोणीही म्हणेल. हाच निष्कर्ष सर्वांत सहज सुचणारा होता, आणि तो चुकीचा ठरला असता. बाण उडत असतां त्यावरील यंत्रें आपलीं मापें रेडिओवरून खालीं पाठवीत होतीं. वीस सेकंदांचीं कां होईनात, पण तीं मापें हातीं होतीं. त्यांचा अभ्यास करून विद्यार्थ्यांनीं जें कारण शोधून काढलें तें असें: बाण आपल्या लांबीच्या आंसाभोंवतीं फिरूं लागला होता, आणि त्या फिरण्यामुळें तो आडवा पडूं पाहत होता. इंग्रजींत या प्रकारास 'इनर्शिअल रोल कपलिंग' म्हणतात.

हें कारण नीट समजण्यासाठीं एक साधा प्रयोग करावा. एक लांब पेन्सिल घ्या, तिच्या एका टोकास बळकट दोरा बांधा, आणि ती लोंबती ठेवा. पेन्सिल सरळ खालीं लोंबते, कारण गुरुत्वाकर्षण तिला सरळ धरतें. आतां दोऱ्याला चांगला पीळ देऊन सोडा. पेन्सिल स्वतःभोंवतीं फिरूं लागते. फिरणें हळू असेल तोंवर ती सरळच राहते. परंतु वेग वाढला म्हणजे तिचें खालचें टोक बाहेर जाऊं लागतें, आणि ती तिरपी होत होत आडवी होऊं पाहते. फिरणाऱ्या वस्तूचा प्रत्येक कण आंसापासून दूर जाऊं पाहतो. लांब व सडपातळ वस्तूस तसें करण्याचा सोपा मार्ग म्हणजे आडवें होणें.

अग्निबाणाच्या बाबतींत पेन्सिलीला सरळ धरणाऱ्या गुरुत्वाकर्षणाचें काम शेपटाकडील पंख करतात. बाण किंचित् तिरपा झाला कीं वारा पंखांवर आपटून त्याला पुन्हा सरळ करतो. पण पंख एखाद्या केसाइतके तिरके बसले, तरी तोच वारा बाणाला गिरकी देतो. गिरकी थोडी असेल तर ती हितावहच असते; तिनें लहानसहान वांकडेपणा चहूं दिशांना सारखा वांटला जातो. मात्र गिरकीचा वेग एका मर्यादेपर्यंत आला कीं पंखांची पकड हरते. ध्वनीच्या कित्येक पट वेगानें जाणारा बाण क्षणमात्र जरी आडवा झाला, तरी समोरच्या हवेचा मारा त्याच्या बाजूवर बसतो, आणि काठी गुडघ्यावर मोडावी तसा तो मोडतो.

आतां वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, नळकांडें जाड केल्यानें हा दोष मुळींच गेला नसता. बाण अधिक जड झाला असता, उंची घटली असती, आणि गिरकी तशीच राहिली असती. खरा उपाय वेगळ्या दिशेनें शोधावा लागतो. पंख बसवितांना त्यांचा कोन अधिक बारकाईनें मोजावा; पंखांचा आकार असा ठेवावा कीं त्यांची पकड गिरकीच्या वेगापेक्षां नेहमी पुष्कळ अधिक राहील; अथवा बाणाच्या अंगावर वायूच्या लहान तोट्या बसवून गिरकी ताब्यांत ठेवावी. यांपैकीं कोणताही उपाय केला तरी तो जाडीचा प्रश्न नव्हे, कोनाचा व फिरण्याचा प्रश्न आहे, हें कळलें तें केवळ त्या वीस सेकंदांच्या मापांमुळें. त्या मंडळानें पुढें 'स्ट्रॅटोस ४' हा बाण हातीं घेतला, तो हें ज्ञान पदरांत घेऊनच.

याच सालीं, अवघ्या दोन महिन्यांनीं, अमेरिकेंत अगदीं उलट प्रकार घडला. लॉस एंजेलिसच्या विद्यार्थ्यांचा 'ट्रॅव्हलर ३' सप्टेंबर २०१८ मध्यें नेव्हाडा राज्यांतील वाळवंटांतून सुटला. परंतु त्यांतील विद्युद्यंत्रें सुटण्यापूर्वीं चालू स्थितींत आणलेलीं नव्हतीं. परिणामीं बाण किती उंच गेला याची कसलीच नोंद हातीं आली नाहीं. कदाचित् तो शंभर किलोमीटरांच्या पलीकडे गेला असेल, कदाचित् नसेल. ज्या यशासाठीं एका पिढीमागून एक विद्यार्थ्यांच्या पिढ्या राबल्या, तें यश मिळालें कीं नाहीं हेंच सांगतां येईना. त्या विद्यार्थ्यांनीं अवकाश गांठल्याचा दावा केला नाहीं, हें त्यांच्या शास्त्रनिष्ठेस शोभण्यासारखेंच झालें.

यंत्रें चालू करावयाची राहतात तरी कशीं, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर बाण सोडण्याच्या पद्धतींतच आहे. जीं यंत्रें उंचीची नोंद ठेवतात, तींच योग्य वेळीं हवाई छत्री उघडण्यासाठीं लहानसा स्फोट घडवितात. माणसें बाणाजवळ वावरत असतांना हा स्फोट होऊं नये म्हणून त्या यंत्रांचा शेवटचा खटका अगदीं अखेरीस, सर्व मंडळी दूर जाण्याच्या बेतांत असतांना टाकावयाचा असतो. म्हणजे ज्या क्षणीं घाई, ऊन, वारा आणि मनाची धडधड हीं सर्व कळसास पोंचलेलीं असतात, त्याच क्षणावर सर्व प्रयोगाचें फळ अवलंबून राहतें. अशा ठिकाणीं माणसाच्या स्मरणशक्तीवर भरंवसा ठेवणें हाच रचनेंतील दोष होय. त्यावरील उपाय धातूंत नसतो, रीतींत असतो. करावयाच्या कामांची क्रमवार यादी कागदावर असावी. एकानें ती मोठ्यानें वाचावी, दुसऱ्यानें काम करावें आणि तिसऱ्यानें तें झाल्याचें पाहून खूण करावी. यंत्र चालू झाल्याचें दिव्यानें वा आवाजानें कळावें. आणि त्याचा संदेश दूरच्या तंबूंत रेडिओवर येऊं लागल्याखेरीज पेटविण्याची आज्ञाच देतां येऊं नये. अग्निबाणाची नवी रचना म्हणजे केवळ नवा नकाशा नव्हे. त्याभोंवतीं वावरणाऱ्या माणसांच्या कामाची नवी आंखणीही तींत येते.

सात महिन्यांनीं, २१ एप्रिल २०१९ रोजीं, न्यू मेक्सिकोंतील स्पेसपोर्ट अमेरिका या तळावरून 'ट्रॅव्हलर ४' सुटला. या वेळीं यंत्रें जागीं होतीं. त्यांच्या टिपणांवरून विद्यार्थ्यांनीं उंची काढली ती ३,३९,८०० फूट, म्हणजे सुमारें १०३.६ किलोमीटर. त्याचबरोबर त्यांनीं हेंही जाहीर केलें कीं, या आंकड्यांत १६,५०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारें पांच किलोमीटर, इकडे-तिकडे फरक असूं शकेल. आणि म्हणून बाणानें कार्मान रेषा ओलांडली याची खात्री ९० टक्के आहे. विद्यार्थ्यांचा बाण अवकाशांत पोंचल्याची ही पहिलीच नोंद म्हणून सर्वत्र मानली गेली. उरलेले दहा टक्के त्यांनीं झांकून ठेविले नाहींत, ही गोष्ट आम्हांस त्या उंचीइतकीच मोलाची वाटते. जो आपल्या मापांतील अनिश्चितता मोजून सांगतो, त्याच्या मापावर लोक विश्वास ठेवतात. पुढें २० ऑक्टोबर २०२४ रोजीं याच मंडळाचा 'आफ्टरशॉक २' हा बाण ४,७०,००० फूट, म्हणजे सुमारें १४३ किलोमीटर उंच गेला. तेथें रेषेच्या अलीकडे कीं पलीकडे, हा प्रश्नच उरला नाहीं.

आतां हे दोन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. स्ट्रॅटोस ३ मोडून पडला, पण बोलून गेला. ट्रॅव्हलर ३ उडाला, पण मुका राहिला. लोकांच्या दृष्टीनें पहिला अधिक वाईट फसला. रचनाकाराच्या दृष्टीनें पाहतां, बाणाविषयीं अधिक ज्ञान पहिल्यानेंच दिलें. ज्या प्रयोगांतून प्रश्नाचें उत्तर मिळतें, तो फसला तरी पुढें नेतो. ज्यांतून उत्तर मिळत नाहीं, तो साधला तरी पुन्हा करावाच लागतो. म्हणून फसलेल्या बाणानंतर नवा बाण आंखतांना पहिला प्रश्न 'हा कसा फसणार नाहीं' एवढाच नसावा. 'हा फसलाच तर कां फसला हें आपल्याला कसें कळेल' हाही प्रश्न त्याच्या बरोबरीनें विचारावा.

ही रीत आजची नव्हे. ज्या फॉन कार्मानच्या नांवानें अवकाशाची रेषा ओळखली जाते, त्याच्याच हाताखालीं पॅसाडिना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें फ्रँक मलिना हा विद्यार्थी उंच जाणाऱ्या अग्निबाणाचा अभ्यास करीत होता. जॅक पार्सन्स व एड फॉर्मन हे त्याचे सोबती. ३१ ऑक्टोबर १९३६ रोजीं त्यांनीं आरोयो सेको नांवाच्या कोरड्या नदीच्या पात्रांत मेथिल अल्कोहोल व प्राणवायु यांवर चालणारें एक लहान इंजिन जमिनीवरच पेटवून पाहिलें. अखेरच्या प्रयत्नांत प्राणवायूच्या नळीनेंच पेट घेतला, आणि ती सापासारखी वळवळूं लागतांच मंडळींना पळ काढावा लागला. त्यांनीं प्रयोग सोडला नाहीं. फेरफार करीत करीत १६ जानेवारी १९३७ रोजीं त्यांचें इंजिन ४४ सेकंद चाललें. जगप्रसिद्ध जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आपला जन्म त्या फसलेल्या दिवसापासून मोजते. आणि १९४५ सालीं याच परंपरेंतून निघालेला 'वॅक कॉर्पोरल' हा बाण सुमारें ७० किलोमीटर उंच गेला.

या सर्व हकीकतींवरून फसलेल्या यंत्राची पुनर्रचना करण्याचे कांहीं नियम आम्ही काढतों. ते अग्निबाणाइतकेच शाळेच्या प्रयोगशाळेसही लागू आहेत.

पहिला नियम असा कीं, कोणत्याही वस्तूस हात लावण्यापूर्वीं साक्ष गोळा करावी. तुकडे जेथें पडले तेथेंच त्यांचीं चित्रें घ्यावींत. ज्यांनीं प्रसंग पाहिला त्यांनीं तो त्याच दिवशीं, एकमेकांशीं चर्चा करण्यापूर्वीं, लिहून काढावा. दुसऱ्या दिवशीं माणूस पाहिलेलें व ऐकलेलें यांची सरमिसळ करूं लागतो.

दुसरा नियम असा कीं, सुचलेलें पहिलें कारण खरें मानूं नये. संभवनीय सर्व कारणांची यादी करावी, आणि साक्षीशीं जें जुळत नाहीं तें एकेक खोडीत जावें. अखेरीस जें उरतें तेंही मुद्दाम पुन्हा घडवून पाहावें. जो दोष आपल्याला मनास येईल तेव्हां उत्पन्न करतां येतो, तोच खरोखर समजला.

तिसरा नियम म्हणजे बदल थोडे करावे. फसलेल्या यंत्राविषयीं मनांत राग धरून सर्वच भाग बदलण्याची इच्छा होते. परंतु एकदम पांच भाग बदलले, तर यश आलें तरी तें कोणत्या बदलानें आलें हें कळत नाहीं. शिवाय प्रत्येक नवा भाग आपला नवा दोष बरोबर आणतो. जें चाललें तें तसेंच ठेवावें, आणि साक्षीनें ज्याच्याकडे बोट दाखविलें तेवढेंच बदलावें.

चौथा नियम म्हणजे जें जमिनीवर तपासतां येईल तें आकाशांत तपासूं नये. इंजिन जमिनीला जखडून पेटवितां येतें. नोंदयंत्र हलवून, तापवून, थंड करून पाहतां येतें. हवाई छत्री उंचावरून टाकून उघडतें कीं नाहीं हें पाहतां येतें. उड्डाणासाठीं तेवढेच प्रश्न राखून ठेवावेत कीं, ज्यांचें उत्तर उड्डाणावांचून मिळूं शकत नाहीं.

पांचवा नियम विद्यार्थ्यांना विशेष लागू आहे. कारखान्यांतील कारागीर वीस वीस वर्षें एका जागीं राहतो. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातो. २००५ सालीं ज्यांनीं लॉस एंजेलिसचें मंडळ स्थापिलें ते २०१९ सालीं तेथें विद्यार्थी म्हणून असणें शक्यच नव्हतें. मध्यंतरीं कितीतरी तुकड्या आल्या व गेल्या. अशा मंडळाची स्मरणशक्ति त्याच्या वह्यांतच असते. ज्यानें दोष शोधिला त्यानें तो लिहून ठेविला नाहीं, तर त्याच्या मागून येणारा तोच दोष पुन्हा नव्यानें, पुन्हा तितक्याच किंमतीनें विकत घेतो.

वाचक विद्यार्थ्यांपैकीं कोणास हें वाचून दारूचा बाण करण्याची हौस उत्पन्न झाली, तर ती तेथेंच आंवरावी असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. स्फोटक पदार्थ घरीं हाताळल्यानें डोळे व बोटें गमावलेल्या मुलांची उदाहरणें थोडीं नाहींत. वर सांगितलेले विद्यार्थी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं, परवानगी घेऊन, वस्तीपासून कोसोगणती दूर काम करतात. तुम्हांस हाच अभ्यास निर्धोकपणें करतां येईल. प्लॅस्टिकच्या बाटलींत थोडें पाणी घालून, तोंडास बूच बसवून, सायकलच्या पंपानें हवा भरली म्हणजे बाटली वर उडते. शिक्षकांच्या समक्ष, मोकळ्या मैदानांत, बाटलीपासून दूर उभें राहून हा प्रयोग करावा. बाटली सुटते तेथून तीस मीटरांवर एकानें कोनमापक व ओळंबा घेऊन उभें राहावें. बाटली अत्युच्च बिंदूस पोंचतांना कोन ४५ अंश भरला, तर ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांपासून तीस मीटर उंच गेली. पाणी किती घातलें, पंप किती वेळां दाबला, वारा कोणत्या दिशेचा होता आणि कोन किती आला, हें प्रत्येक वेळीं वहींत लिहावें. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दहा वेळां उडवून झाल्यावर ती वही शेजारच्या वर्गांतील मुलास द्यावी. तुम्हांस कांहीं एक न विचारतां, केवळ वही वाचून, तुमची सर्वांत उंच गेलेली बाटली त्याला पुन्हा तितकीच उंच उडवितां आली, तर तुमचा प्रयोग साधला असें समजावें.